न्यू जर्सीतला 'पश्चिम'

मूकपटांच्या काळातल्या वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिम भागातल्या काउबॉय-दरोडेखोरांच्या, चित्रपटाची गोष्ट पहिल्या पाच मिनिटांतच कळून चुकते. तरीही रसिक ते पुन्हा पुन्हा पाहतात आणि संग्राहक त्यांच्या तुटक्याफुटक्या प्रतींसाठी जीव टाकतात. या ओढीचे मूळ त्या चित्रपटांतल्या खऱ्याखोट्याच्या सरमिसळीत आहे, असे मला वाटते.

१९०३ सालच्या 'द ग्रेट ट्रेन रॉबरी'तला 'पश्चिम' चक्क पूर्व किनाऱ्यावरच्या न्यू जर्सीत चित्रित झाला होता. दरोडेखोरांचा म्होरक्या थेट प्रेक्षकांवर गोळ्या झाडतो, ते प्रसिद्ध दृश्य आरंभी लावावे की शेवटी, हे तो बनवणाऱ्या एडिसन कंपनीने चित्रपट दाखवणाऱ्याच्या मर्जीवर सोडले होते. शिवाय काही प्रतींत बंदुकीचा धूर हाताने रंगवलेला आहे. म्हणजे एक प्रत दुसरीसारखी असेलच असे नाही. संग्राहकाला वेड लागायला आणखी काय हवे?

पाचच वर्षांनी ओक्लाहोमात याच्या अगदी उलट प्रकार घडला. १९०८ सालच्या 'द बँक रॉबरी'त दरोडेखोर झालेला अल जेनिंग्ज हा आगगाडी लुटल्याबद्दल खरोखरच तुरुंगवास भोगून आलेला माणूस होता आणि दिग्दर्शक बिल टिल्घमन हा गुन्हेगारांना पकडणारा नावाजलेला मार्शल होता. चित्रपट म्हणून तो अगदीच बेतास बात आहे. पण पडद्यावरचा तो माणूस खोटे खोटे लुटताना पाहिला की नजर हटत नाही.

ज्या टॉम मिक्सने झकपक पोशाखातला काउबॉय लोकप्रिय केला, त्याचे बहुतेक मूकपट आज उपलब्ध नाहीत. त्या काळी चित्रपटांसाठी वापरली जाणारी नायट्रेटची फिल्म भयंकर ज्वालाग्राही असते आणि १९३७ साली फॉक्स कंपनीच्या गोदामाला लागलेल्या आगीत त्यांतले कितीतरी भस्मसात झाले. दिग्दर्शक जॉन फोर्डचा १९१७ सालचा 'स्ट्रेट शूटिंग' मात्र पुढे चेकोस्लोव्हाकियातल्या संग्रहात सापडला, आणि अशा एखाद्या बातमीवर संग्राहकांची आशा वर्षानुवर्षे तग धरून राहते.

माझा कल मात्र धुळीने माखलेल्या, रापलेल्या चेहऱ्याच्या नायकाकडे, विल्यम एस. हार्टकडे आहे. १९२९ साली जुन्या पश्चिमेतला प्रसिद्ध कायदारक्षक वायट अर्प याच्या अंत्ययात्रेत शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो आणि मिक्स दोघेही होते. हार्टचा मूकपट 'टंबलवीड्स' १९३९ साली पुन्हा प्रदर्शित झाला, तेव्हा आरंभी जोडलेल्या बोलक्या भागात म्हातारा हार्ट प्रेक्षकांचा निरोप घेतो. रंगभूमीवरून आलेल्या या नटाचे ते बोलणे जरा जास्तच नाटकी आहे, तरी मूळ चित्रपटापेक्षा मला तेच अधिक आवडते.