१/२०० हरलं, १/५० तरलं: निळ्या सीनचे पट्टे आणि उलटीपालटी झालेली लेन्सची यादी

नाटकाचे फोटो सायलेंट मोडमध्ये, म्हणजे कॅमेऱ्याचा आवाज न करता काढले की एलईडी दिव्यांमुळे फोटोवर आडवे पट्टे येतात. त्यावर मागच्या वेळी मी शटर १/२०० सेकंद ठेवण्याचा उपाय मांडला होता, तो पहिल्या अंकापुरताच टिकला. रंगीत तालमीत दुसरा अंक सुरू झाला, रात्रीचा निळा सीन लागला आणि पट्टे परत हजर. तेही साधे काळे नव्हेत. नायिकेच्या कपाळावर एक किरमिजी, नाकाच्या रेषेत एक हिरवट, हनुवटीवर पुन्हा किरमिजी. व्हाइट बॅलन्स कुठेही सरकवा, एक पट्टा सुधारला की शेजारचा बिघडतो. रंगमंच तोच, दिवे तेच, शटर तेच. मग पहिला अंक स्वच्छ आणि दुसरा पट्टेरी कसा?

या एका प्रश्नाने माझे कितीतरी रविवार खाल्ले आणि उत्तर मिळालं तेव्हा विकत घ्यायच्या लेन्सची अख्खी यादी फिरली. ज्यांना फक्त ‘प्लेना की ७०-१८०’, म्हणजे या दोनपैकी कुठली लेन्स घ्यायची, याचा निकाल हवा आहे त्यांनी जरा दम धरा, गाडी तिथेच येते आहे.

आधी सेटअप, कारण मधल्या काळात काहीजण नव्याने आलेत. बॉडी निकॉन झेड६-टू. लेन्स २४-१२० एफ/४, ८५ एफ/१.८ (एफचा आकडा जितका लहान, तितका लेन्समधून जास्त प्रकाश येतो) आणि एफटीझेडवर, म्हणजे जुन्या निकॉन लेन्स झेड बॉडीला जोडणाऱ्या अडॅप्टरवर, लावलेली जुनी ८०-२०० एएफ-डी. काम पुण्यातल्या छोट्या प्रायोगिक रंगमंचांवरच्या तालमी आणि प्रयोग. अशा जागी मेकॅनिकल शटरचा खटका तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो. नटाने घेतलेल्या पॉजमध्ये तो खटका पडावा हे मला अजिबात मान्य नाही, म्हणून सायलेंट मोडला पर्याय नाही. सायलेंटमध्ये सेन्सर एका झटक्यात वाचला जात नाही, ओळीमागून ओळ वाचला जातो. वरची ओळ आणि खालची ओळ यांच्यामध्ये जो वेळ जातो तोच आपला रीडआउट.

हा रीडआउट घरी मोजता येतो, आणि प्रत्येकाने आपापल्या बॉडीचा एकदा मोजून ठेवावाच. जुनी चोकवाली ट्यूबलाइट शोधा. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे ट्यूब सेकंदाला १०० वेळा कमीजास्त होते. पांढऱ्या भिंतीवर तिचाच उजेड पडू द्या, सायलेंट मोड, १/१०००, आणि एक फोटो. आडव्या गडद पट्ट्या मोजा. माझ्याकडे पाच आल्या. एक पट्टी म्हणजे १० मिलिसेकंद, पाच म्हणजे ५०. झेड६-टूचा रीडआउट साधारण १/२० सेकंद आहे असं सगळीकडे वाचतो, ते भिंतीवर उमटलेलं पाहून फार समाधान वाटलं.

एकदा ही मोजपट्टी हातात आली की दिवाही मोजता येतो. मागच्या पांढऱ्या पडद्यावर एकच एलईडी पार (रंगमंचावरचा डब्यासारखा दिवा) टाकून घेतला, मंद केला, पुन्हा १/१०००. साडेएकवीस पट्टे. ५० मिलिसेकंदांत साडेएकवीस, म्हणजे हा दिवा सेकंदाला ४३० च्या आसपास वेळा उघडझाप करतोय.

आता खरी गोम. डिमर खाली आणला की अशा एलईडीचा उजेड नळ बारीक केल्यासारखा कमी होत नाही. दिवा लागतो तेव्हा पूर्ण ताकदीनेच लागतो, फक्त प्रत्येक चक्रात कमी वेळ लागलेला राहतो. डिमर पूर्ण वर असेल तर तो विझतच नाही, मग पट्टे येणार कुठून? पहिला अंक लख्ख दुपारचा, सगळे पार जवळजवळ फुल्ल. १/२०० ने तिथे काहीच सोडवलं नव्हतं, सोडवायला काही नव्हतंच. दुसऱ्या अंकात निळा अर्ध्यावर आणि त्वचेचा रंग राहावा म्हणून लाल आणि हिरवा जेमतेम दहा टक्क्यांवर. तिन्ही रंगांची उघडझाप आपापली चालते, म्हणून पट्टे रंगीत.

१/२०० सेकंदात ४३० हर्ट्झची सव्वादोनच्या आतबाहेर चक्रं बसतात, नेमकी २.१५. दिवा दहा टक्क्यांवर असला की सेन्सरच्या बहुतेक ओळींना प्रकाशाचे दोन झोत मिळतात, आणि मधूनच काही ओळींना तीन. दोन आणि तीन! म्हणजे शेजारशेजारच्या ओळींत थेट दीडपट फरक. हिरव्याचे तीन झोत पडले तिथे चेहरा हिरवट, नाही पडले तिथे किरमिजी. आता शटर १/५० करा. ८.६ चक्रं. कुणाला आठ झोत, कुणाला नऊ. फरक उरतो साडेबारा टक्के, म्हणजे एका स्टॉपच्या सहाव्या भागाइतका (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). निळ्या-जांभळ्या अंधारात तो डोळ्याला शोधूनही सापडत नाही.

कॅमेऱ्यातलं साधं फ्लिकर रिडक्शन का नाही वापरलं, असं कुणीतरी विचारणारच. ते १०० आणि १२० हर्ट्झचंच फ्लिकर ओळखतं, आणि सायलेंट मोडमध्ये चालत नाही. जुन्या हॅलोजन पार-६४ खाली हा प्रश्न जवळजवळ येत नाही, कारण तारेला मधल्या काळात थंड व्हायला सवडच मिळत नाही. पण हॅलोजन आता मिळणार कुठे आणि विजेचं बिल भरणार कोण, तेव्हा तो विषय सोडून देऊ.

तर १/५० वर पुढची तालीम केली. नट हलला की हात धूसर होणार हे उघडच होतं, आणि बॉडीतलं स्टॅबिलायझेशन आपला हात सावरतं, नटाचा नाही. पण नाटक पाहताना एक गोष्ट लक्षात येते: वाक्य संपल्यावर, पुढचं सुरू होण्याआधी, चांगला नट क्षणभर पूर्ण स्थिर असतो. तिथे दाबायचं. दुसऱ्या अंकातल्या त्या पत्राच्या प्रसंगाची फ्रेम मिळाली. ८५ वर, एफ/२.८, १/५०, आयएसओ (सेन्सरची प्रकाशाला संवेदनशीलता) १६००. १०० टक्क्यांवर उघडली तर खालच्या पापणीवरचं पाणी सुटं दिसतंय, त्यात मागच्या निळ्या दिव्याचा बारीक ठिपका, आणि चेहऱ्यावर कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच सलग रंग. एकही पट्टा नाही. दिग्दर्शकाने तो फोटो पोस्टरला मागितला. मी त्या दिवशी भलतीच खुशीत होते.

आता लेन्सकडे. १/२०० ला एफ/२.८ वर ६४०० आयएसओ लागत होता, १/५० ला १६००. दोन स्टॉप सरळ परत मिळाले. म्हणजे एफ/४ ची २४-१२० जी मी ‘प्रकाश पुरत नाही’ म्हणून पिशवीत ठेवायचे, ती ३२०० वर छान चालते. आणि १३५ एफ/१.८ प्लेनासाठी पैसे जमवण्याचं कारणच गळून पडलं. लेन्स अप्रतिम आहे, बोके, म्हणजे मागच्या धूसर दिव्यांचे ठिपके, गोल, कडेपर्यंत धारदार, याबद्दल दुमत नाही. पण जवळपास एक किलोची प्राइम, म्हणजे झूम नसलेली लेन्स, आणि छोट्या रंगमंचावर १३५ ला आपण खुर्चीला खिळलेले. एफ/१.८ वर दोन नटांपैकी एकच फोकसमध्ये. नाटकाच्या फोटोत समोरच्याची प्रतिक्रिया गेली तर अर्धा प्रसंग गेला असं माझं स्पष्ट मत आहे.

८०-२०० एएफ-डी मात्र आता विकायचीच. एएफ-डी लेन्समध्ये स्वतःची मोटर नसते, आणि एफटीझेडमध्ये तिला फिरवणारी स्क्रू-ड्राइव्हची मोटर नाही, त्यामुळे एएफ-डी लेन्स एफटीझेडवर कायम मॅन्युअल फोकसच राहणार. मंद निळ्या प्रकाशात फोकस पीकिंग (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणारी सोय) कशालाही लाल कड लावतं. ज्यांच्याकडे स्वतःची मोटर असलेल्या एएफ-एस लेन्स आहेत त्यांनी निश्चिंत असावं, त्या एफटीझेडवर व्यवस्थित ऑटोफोकस करतात. विकण्याआधी लेन्सच्या मागून टॉर्च मारून समोरून तिरकं पाहिलं. मधल्या भिंगाच्या कडेला जाळ्यासारखे दोन बारीक धागे, म्हणजे बुरशीची सुरुवात. पुण्यातला पावसाळा कुणाला सोडत नाही. मुंबईला फोर्टात बोरा बाजारात नेऊन दाखवेन. तिथे समोरासमोर बोलणं होतं, दोष आधीच दाखवला की भावही सरळ सांगतात, आणि घेण्याच्या लेन्स हातात धरून बघता येतात. ऑनलाइन जुनी लेन्स फोटो बघून घेण्यापेक्षा मला हे केव्हाही बरं वाटतं. ग्रे माल, म्हणजे अधिकृत वितरकाकडून न आलेला माल, स्वस्त पडतो म्हणून मोहात पडू नका, इथे वॉरंटी मिळत नाही.

तिच्या जागी ७०-१८० एफ/२.८. वजन ७९५ ग्रॅम, तर ७०-२०० एफ/२.८ एस ट्रायपॉडची कॉलर काढूनही १३६० ग्रॅम. दोन तासांचा प्रयोग मांडीवर कॅमेरा ठेवून बघायचा तर हा फरक खांद्याला चांगला कळतो. लेन्समध्ये व्हीआर, म्हणजे स्टॅबिलायझेशन, नाही, पण वर म्हटलं तसं नाटकात अडचण नटाच्या हालचालीची असते.

इथपर्यंत लिहून झालं होतं आणि आमच्या प्रकाशयोजना करणाऱ्या दादांचा फोन आला. मी त्यांना साडेएकवीस पट्ट्यांचा फोटो पाठवला होता. म्हणाले, “ताई, हे चार जुने पार आहेत ना, त्यांना काही करता येणार नाही. पण नवीन दोन आलेत त्यांच्या मेनूत फ्रिक्वेन्सीचा आकडा आहे. कुणी उघडतच नाही तो मेनू.” विचारलं, किती वर जातो? “पंचवीस हजार दिसतोय.”

मी उडालेच! २५ किलोहर्ट्झवर १/२०० मध्ये १२५ चक्रं बसतात. १२५ झोत की १२६, कॅमेऱ्याला काय फरक पडतो. म्हणजे निळा सीन त्या दोन नव्या दिव्यांवर घेतला आणि जुने चार फक्त लख्ख प्रवेशांना ठेवले, तर बॉडी न बदलता १/२०० पुन्हा वापरता येईल. दादा पुढच्या तालमीला तसं लावून बघायला तयार आहेत. तुमच्या नाट्यगृहात एलईडी असतील तर लाइट ऑपरेटरशी मैत्री करा, हे मी आता प्रत्येकाला सांगत सुटले आहे.

त्यामुळे बॉडीचा बेतही बदलतोय. पुढची बॉडी निकॉनचीच झेड८ घ्यावी की झेड६-थ्री, हा वाद मी रीडआउटवर घालत होते. झेड८ साधारण १/२७० सेकंदात अख्खा सेन्सर वाचते, झेड६-थ्री १/७० च्या आसपास. पण गणित करून पाहा. ४३० हर्ट्झवर झेड८ च्या फ्रेममध्येही दीडएक पट्टा उरतोच, फक्त इतका रुंद की तो दिव्याच्या रंगाचा उतार वाटतो. झेड६-थ्रीवर सहा. खरं औषध वेगात नसून शटर बारीक जुळवण्यात आहे. दोन्ही बॉडींत हाय-फ्रिक्वेन्सी फ्लिकर रिडक्शन आहे, त्यात १/२०० आणि १/२५० च्या मधलं १/२१५ सुद्धा लावता येतं. ४३० ची बरोब्बर दोन चक्रं, सगळ्या ओळींना दोनच झोत, मग रीडआउट कितीही सावकाश असो. झेड६-टूवर फोटोला ही सोय नाही. वेगवान रीडआउटची किंमत तेव्हा, जेव्हा वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीचे दिवे एकत्र लागलेले असतात आणि एकच शटर सगळ्यांना जुळत नाही. किंवा तबलजीची बोटं टिपायची असतील तेव्हा: १/२० च्या रीडआउटला ती वाकडी येतात, झेड८ वर सरळ.

झेड६-थ्रीच्या अर्धवट स्टॅक्ड (वेगाने वाचता यावा म्हणून तसा रचलेल्या) सेन्सरमुळे कमी आयएसओवर सावल्यांत थोडा जास्त नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, येतो, ही तक्रार खरी आहे. निसर्गचित्रं काढणाऱ्यांनी ती मनावर घ्यावी. आपण १६०० च्या खाली उतरतोच कधी? उलट तिचा उजळ व्ह्यूफाइंडर आणि उणे १० ईव्हीपर्यंतचा, म्हणजे जवळजवळ काळोखातलाही, ऑटोफोकस नाटकवाल्यांसाठीच केल्यासारखा आहे.

सोनीवाल्या मित्राने सोनीच्या बॉडींबद्दल विचारलं होतं, त्याला माझं उत्तर: ए७-फोरचा सायलेंट रीडआउट साधारण १/१५ आहे, झेड६-टूहूनही सावकाश, तेव्हा तुला १/५० ची सवय करावीच लागेल. ए९-थ्रीचा ग्लोबल शटर अख्खी फ्रेम एकदम घेतो, पट्टे शून्य, पण शटर जुळलं नाही तर लागोपाठच्या दोन फ्रेम्सचा उजेड वेगळा येऊ शकतो. तिथेही चक्रं मोजणं चुकत नाही.

आता क्रम असा ठरतोय: ८०-२०० विकणे, ७०-१८० घेणे, झेड६-थ्री आधी एका प्रयोगापुरती भाड्याने आणणे. नव्या दिव्यांनी काम भागलं तर बॉडीचा खर्च पुढच्या वर्षावर. भाड्याची बॉडी आली की दोन्ही जातींचे पार एकत्र लावून १/२१५ आणि १/५० शेजारीशेजारी टाकीन. कुणी झेड६-थ्रीवर मिश्र दिव्यांखाली नाटक किंवा लावणी टिपली असेल, तर शटरचा नेमका आकडा आणि दिवा किती टक्क्यांवर होता, एवढं कळवा. आणि सोबत ट्यूबलाइटच्या भिंतीवर तुमच्या बॉडीला किती पट्ट्या आल्या तेही.