रॅमच्या दोन पट्ट्या आणि मीच केलेली एक सेटिंग

दोन वर्षं धूळ खात पडलेला डेस्कटॉप परवा चालू करायला घेतला. बटण दाबलं, पंखा फिरला, दिवा लागला, पण स्क्रीन काळीच. आतून मात्र एक लांब बीप, क्षणभर शांतता, पुन्हा तीच बीप. बायोस, म्हणजे चालू होताना सगळ्यात आधी चालणारा बोर्डवरचा प्रोग्राम, अवॉर्ड कंपनीचा होता. त्याच्या भाषेत अशी थांबून थांबून येणारी लांब बीप म्हणजे रॅम सापडत नाही किंवा नीट बसलेली नाही.

हे सोपं निघालं. वायर काढली, पॉवरचं बटण थोडा वेळ दाबून उरलीसुरली वीज जाऊ दिली, कॅबिनेटच्या धातूला हात लावला आणि दोन्ही पट्ट्या काढल्या. सोनेरी दातांवर काळसर थर होता. तो पांढऱ्या खोडरबराने हलकेच घासला. खोडरबराचा चुरा स्लॉटमध्ये पडू द्यायचा नाही, एवढंच सांभाळलं. दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या टक् करून बसेपर्यंत पट्ट्या दाबल्या. बीप गेली आणि स्क्रीनवर दोन जीबी रॅम मोजलेली दिसली. मी खूश.

खरा त्रास इथून पुढे. विंडोज अर्ध्यावर आलं की निळी स्क्रीन. तिच्यावर कधी पेज फॉल्ट, कधी मेमरी मॅनेजमेंट असा मेमरीच्या चुकीचा संदेश. मला वाटलं, विंडोजच बिघडलंय. म्हणून ते नव्याने टाकायला बसलो, आणि एक अख्खी संध्याकाळ गेली. सेटअप दर वेळी वेगळ्याच फाइलवर अडायचा. सीडी खराब असती, तर बहुधा त्याच त्या फाइलवर अडला असता. हे डोक्यात यायला तीन प्रयत्न लागले!

मग मेमटेस्ट८६+ हा रॅम तपासणारा प्रोग्राम सीडीवर उतरवला, कारण हे मशीन पेनड्राइव्हवरून सुरू व्हायला तयार नव्हतं. दोन्ही पट्ट्या लावून चाचणी सुरू केली आणि काही मिनिटांत चुकांच्या लाल ओळी. आता एक पट्टी, एक स्लॉट, मग तीच पट्टी दुसऱ्या स्लॉटमध्ये, असं कागदावर मांडत गेलो. चूक पट्टीबरोबर फिरली तर पट्टी खराब, स्लॉटपाशीच राहिली तर स्लॉट. पण एकेकटी लावली की दोन्ही पट्ट्या दोन्ही स्लॉटमध्ये स्वच्छ! कागदावर चारही ठिकाणी बरोबरची खूण आणि मी डोकं धरून.

घाई नडली होती. मी प्रत्येक वेळी एकच फेरी करून थांबत होतो. दुसरी पट्टी रात्रभर एकटी चालू ठेवली, तर सकाळी शंभराच्या वर चुका. पट्टी केराच्या डब्यात टाकायला उचलली आणि तेवढ्यात तिचं लेबल वाचलं: पीसी२-५३००. म्हणजे डीडीआर२ पिढीची रॅम, वेग ६६७. पहिली पीसी२-६४००, म्हणजे ८००.

मग बायोसमध्ये शिरलो. मेमरीचा वेग 'मॅन्युअल', ८००. हा उद्योग माझाच. ही दुसरी पट्टी घातल्यावर मशीन दोन्ही ६६७ वर चालवतंय हे पाहून मीच हौसेनं वेग चढवला होता. प्रत्येक पट्टीवर एक बारीक चिप असते. तिच्यात त्या पट्टीचा वेग लिहिलेला असतो आणि 'ऑटो' ठेवलं की बायोस तो वाचून सगळ्यात हळू पट्टीच्या बेताने चालतो. मी त्याला वाचूच दिलं नव्हतं. गंमत म्हणजे बोर्डवरची नाण्यासारखी बॅटरी संपली असती, तर ही सेटिंग आपोआप पुसली गेली असती. बॅटरी बिचारी टिकून राहिली.

मधे एक फजिती झाली ती सांगतो. पडताळणीसाठी मित्राकडून एक पट्टी आणली होती, ती काही केल्या बसेना. डीडीआर३ निघाली. पिना दोन्हींत २४०च, पण खाच वेगळ्या जागी असते. जोर लावला नाही म्हणून स्लॉट वाचला.

'ऑटो' केलं, दोन्ही पट्ट्या लावल्या, मेमटेस्ट रात्रभर चालवलं. शून्य चुका. विंडोज पहिल्याच प्रयत्नात पूर्ण बसलं.

आता आठवतं, वेग चढवल्यापासूनच हे मशीन अधूनमधून गोठायचं आणि आम्ही ते म्हातारपणावर ढकलायचो. त्याच काळात कॅमेऱ्यातून उतरवलेले काही फोटो आज उघडले, तर वरचा भाग ठीक आणि खाली नुसता राखाडी पट्टा. दोष रॅमचाच, असं छातीठोक नाही म्हणता येणार. पण कॅमेऱ्याचं कार्ड मी तेव्हाच पुसून टाकलं होतं.