आग जळू दिली, कारण खाली पाणी होतं

मागच्या महिन्यात गावाहून आत्याचा फोन आला. नळयोजनेच्या विहिरीच्या पाण्याला रॉकेलसारखा वास येतोय, म्हणून उपसा बंद केलाय आणि टँकर चालू आहे. विहिरीपासून हाकेच्या अंतरावर एक गॅरेज आहे. गाड्यांचं जळकं ऑइल वर्षानुवर्षं मागच्या चरात ओततात, हे सगळ्या गावाला माहीत होतं. फोन ठेवला आणि कितीतरी वेळ मला काही सुचेना.

कारण अमेरिकेत मी राहते त्या ओहायोतल्या डेटनचं पाणीही जमिनीखालूनच येतं. हिमयुगातलं बर्फ वितळताना वाळू-रेतीनं बुजलेलं एक जुनं खोरं या शहराखाली आहे. आपल्याकडे पाणी काळ्या खडकाच्या भेगांतून झिरपतं, इथे जमीन म्हणजे चाळणीच. पाणी भरपूर मिळतं, पण वर सांडलेलंही तितक्याच सहज खाली उतरतं.

२७ मे १९८७ ला इथल्या एका रंगाच्या गोदामाला आग लागली. आत सुमारे १५ लाख गॅलन, म्हणजे ५७ लाख लिटरच्या आसपास रंग आणि तसलाच माल. गोदाम नेमकं शहराच्या विहिरींच्या पट्ट्यात. फवारे मारत राहिलं तर रंग पाण्याबरोबर जमिनीत मुरणार, म्हणून पाणी मारणं थांबवलं आणि गोदाम जळू दिलं. कित्येक दिवस ते धुमसत होतं. दारात आग असताना हात आवरायचा, याला काय लागत असेल!

पुढच्याच वर्षी, १९८८ मध्ये शहरानं विहिरींभोवतीच्या जमिनीसाठी कायदा केला. मला त्यातली मोजणी फार आवडली. नुसतं मीटरमध्ये अंतर धरलं नाही; इथे काही सांडलं तर विहिरीपर्यंत पोचायला किती काळ लागेल, हे पाहून हद्द आखली. त्या हद्दीतल्या धंद्यांनी कोणतं रसायन किती ठेवलंय ते कळवायचं, आणि त्यावर मर्यादा. चालू धंदे हुसकावून लावले नाहीत. पाणीपट्टीत थोडी रक्कम वाढवून निधी उभा केला आणि साठा कमी करायला त्यातून मदत दिली. खालचं पाणी शहराची शीव ओळखत नाही, म्हणून शेजारच्या हद्दींनाही यात घेतलं.

परवा गाडीचं ऑइल बदलायला गेले तेव्हा मुद्दाम आत डोकावले. जळक्या ऑइलचा पिंप एका खोल ट्रेमध्ये उभा होता. पिंप फुटला तरी सगळं ट्रेमध्येच राहील, एवढा खोल. शेजारी भिंतीवर साठ्याचा तक्ता, हातानं भरलेला. मी फोटो काढून काकांना पाठवला. ते ग्रामपंचायतीत सदस्य आहेत.

रात्री बोलणं झालं. "काका, आपल्याकडे महाराष्ट्रात १९९३ च्या भूजल कायद्यात सार्वजनिक विहिरीपासून पाचशे मीटरच्या आत दुसरी विहीर खोदायला बंदी घातली. पाणी कमी पडू नये म्हणून ते केलं. पण त्याच पाचशे मीटरमध्ये कोण काय ओततंय, ते तुम्ही तरी बघताय का?"

"अगं, त्या पोराचं पोट आहे त्याच्यावर. बंद कर म्हणून कुठल्या तोंडानं सांगू?"

"बंद नका करू. ट्रे करून द्या. वित्त आयोगाकडून पंचायतीला येणाऱ्या पैशातून बसतंय का, ते ग्रामसेवकांना विचारा. आणि ऑइल घेऊन जाणारा माणूस ठरवून द्या."

काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "चर कुठनं कुठं जातो ते उद्या बघून येतो. आणि तो फोटो परत पाठव, मोठा करून. ग्रामसभेत लावतो."

टँकर अजून चालू आहे. आत्या म्हणते, सकाळी साडेसहाला भांडी रांगेत लावावी लागतात.