दिठी, चार वर्षं उशिरा

शनिवार, ५ जुलै २०२५. दशमी.

संध्याकाळपासून पाऊस लागलाय. दोरीवरचे कपडे दोन दिवस वाळायचं नाव घेत नाहीत, सगळ्या घराला ओलसर वास. आई दुपारपासून टीव्हीसमोर. माउलींची पालखी वाखरीहून पंढरपुराकडे निघाली आहे आणि आईचं माहेर तरडगावच्या बाजूचं, त्यामुळे वारी म्हणजे तिला घरचं कार्य. चांदोबाच्या लिंबाचं रिंगण झालं त्या दिवशी तर तिने कुकरच्या शिट्ट्याही मोजल्या नाहीत. डाळीचा पार लगदा झाला होता.

मी या दिवसांत दि. बा. मोकाशींचं 'पालखी' कपाटातून काढतो. दरवर्षी पूर्ण वाचतोच असं नाही. पुण्यात रेडिओदुरुस्तीचा व्यवसाय करणारा हा लेखक वारीत चालतो आणि फार भाविक न होता, कुणाची टिंगलही न करता लिहितो. पुस्तक १९६४ चं, पण पाय दुखतात ते आजच्यासारखेच. आज चाळता चाळता मध्येच आठवलं, यांच्याच एका कथेवरचा सिनेमा आपण अर्धवट सोडलाय. 'दिठी'. म्हणजे दृष्टी. सुमित्रा भाव्यांचा.

अर्धवट कसला, वीसेक मिनिटंच पाहिला होता. मे २०२१. ते दिवस आठवायला नको वाटतात. सकाळी व्हॉट्सॲप उघडलं की आधी कोणाचा फोटो आणि खाली किती हात जोडलेले, ते बघायचं. १९ एप्रिलला भावेबाई गेल्याची बातमी आली, तीही त्याच ढिगात आली आणि खाली गेली. महिनाभराने, २१ मेला, 'दिठी' थेट सोनी लिव्हवर आला. थिएटरं बंदच होती. मी मोबाइलवर लावला. पडद्यावर पाऊस, आणि पुरात पोरगा वाहून गेलेला बाप. त्याच आठवड्यात आमच्या वरच्या मजल्यावर एक तरुण मुलगा गेला होता. बंद केला, आणि मग चार वर्षं त्या नावावरून बोट पुढे सरकवत राहिलो.

आज आई झोपल्यावर कानात हेडफोन घालून बसलो. जेमतेम दीड तासाचा आहे. संपला तेव्हा पावणेएक वाजला होता. झोप येण्यासारखी नाही म्हणून लिहितोय.

गोष्ट म्हणाल तर चार ओळींची. रामजी लोहार वर्षानुवर्षं वारी करणारा. त्याचा तरणा मुलगा नदीच्या पुरात गेला. घरात सून तुळसा बाळंतीण, मुलगी झालेली. गावातली नेहमीची मंडळी संतू वाण्याकडे पोथीला जमलीत, बाहेर धो धो पाऊस. आणि त्याच वेळी पारूच्या गोठ्यात गाय अडलीय. अडलेली गाय सोडवावी तर ती रामजीनेच, हे अख्ख्या गावाला ठाऊक. पण ज्याचं स्वतःचं लेकरू गेलंय त्याला बोलवायचं कोणत्या तोंडाने?

एवढंच. पुढचं सांगत नाही.

रामजी झालेत किशोर कदम. कवितेत ते सौमित्र. सौमित्र म्हणजे सुमित्रेचा मुलगा, हे माझ्या आत्ता लक्षात आलं. योगायोगाला फार अर्थ चिकटवू नये, पण लिहून ठेवतो. पहिला बराच वेळ हा माणूस जवळजवळ काही करत नाही. बसतो, उठतो, पावसाकडे बघतो. त्याचे डोळे उघडे असतात आणि ते कशालाच लागत नाहीत. लोक त्याला समजावतात. सगळं शहाणपणाचं बोलतात, चुकीचं कोणीच बोलत नाही, आणि त्यातलं एक अक्षर त्याच्यापर्यंत पोचत नाही. आपणही लोकांच्या घरी जाऊन असंच बोलतो. २०२१ मध्ये तर फोनवरून बोलायचो. 'त्याच्यापुढे कोणाचं चालतं का' हे वाक्य मी त्या दोन महिन्यांत किती वेळा म्हटलं असेन, देव जाणे.

आणि मग तो गोठा. कंदिलाचा उजेड, ओलं गवत, धापा टाकणारी गाय. ऐरणीवर घण घालणारा हात आता आत आहे, आणि तिथे डोळ्यांचा काही उपयोग नाही. किशोर कदमांचा चेहरा इथे बघावा. इतका वेळ उघड्या डोळ्यांनी काही न दिसणारा माणूस आता हाताने बघायला लागतो. चित्रपटाचं नाव 'दिठी' का, हे मला तिथे कळलं. कळलं म्हणण्यापेक्षा अंगावर आलं.

मोकाशींच्या कथेचं नाव 'आता आमोद सुनासि आले'. शब्द ज्ञानदेवांचे, अमृतानुभवाच्या नवव्या प्रकरणाची पहिलीच ओवी: 'आतां आमोद सुनांस जालें । श्रुतीसि श्रवण रिघालें । आरिसे उठिले । लोचनेंसी ॥'. सुगंधालाच नाक फुटलं, ऐकू येणाऱ्याचाच कान झाला, आरसे स्वतःचे डोळे घेऊन उभे राहिले. बघणारा आणि जे बघायचं ते, यातली फट बुजली. कॉलेजात हे आम्हाला अद्वैत म्हणून शिकवलं. मी परीक्षेत अद्वैतावर दोन पानं लिहून बरे मार्क मिळवले होते आणि मला काडीचंही समजलं नव्हतं. मोकाशींनी तीच ओवी नेऊन गोठ्यात ठेवली. भावेबाईंनी ती तिथून हलवली नाही, हे त्यांचं मोठेपण. दुसऱ्या कोणी त्या क्षणी मागे बासरी वाजवून, आभाळातून किरण पाडून विठ्ठल उभा केला असता.

आता कबुली. मी भावेबाईंच्या सिनेमांपासून जरा लांबच राहिलो होतो. नववीत असताना शाळेने आम्हाला रांगेने 'दहावी फ' बघायला नेलं. तुकड्या पाडून 'फ'मध्ये ढकललेल्या मुलांची गोष्ट, आणि बघायला नेलं ते तुकडीवार, 'अ' सगळ्यांत पुढे. आमच्या शाळेतल्या कोणाला त्यात काही विचित्र वाटलं नाही. तेव्हापासून डोक्यात बसलं की ही बाई विषय घेऊन सिनेमा काढते. 'देवराई' म्हणजे स्किझोफ्रेनिया, 'नितळ' म्हणजे कोड, 'अस्तु' म्हणजे स्मृतिभ्रंश. जणू दवाखान्याच्या भिंतीवरची पोस्टरं. 'कासव'ला सुवर्णकमळ मिळालं (मराठीला ते मिळण्याची पाचवीच वेळ), तेव्हाही मी 'अच्छा, नैराश्य' म्हणून पुढे गेलो. थिएटरात तो कधी आला आणि कधी गेला मला कळलंही नाही.

विषयाचा आळ पूर्ण खोटाही नाही म्हणा. त्या आल्याच तिथून. जन्म पुण्यातला, १९४३ चा. समाजशास्त्राचं शिक्षण, दिल्लीला आकाशवाणीवर काही काळ मराठी बातम्या, मग कर्वे समाजसेवा संस्थेत शिकवणं. झोपडपट्टीतल्या बायकांवर संशोधन करताना त्यांना वाटलं की आपण यांच्यावर अहवाल लिहिणार आणि ज्यांच्यावर लिहिला त्यांना तो वाचता येणार नाही, मग काय उपयोग? म्हणून १९८५ मध्ये 'बाई' हा लघुपट केला. सिनेमाचं कसलंही शिक्षण नव्हतं, वय बेचाळीस. त्याला राष्ट्रीय पुरस्कार, पाठोपाठ 'पाणी'लाही. मग फिल्म इन्स्टिट्यूटमधून आलेले सुनील सुकथनकर सोबत आले आणि १९९५ च्या 'दोघी'पासून पुढे दोन दशकं पडद्यावर जोडीनेच नाव यायचं. 'दिठी'वर मात्र दिग्दर्शक म्हणून त्यांचं एकटीचं नाव आहे.

बेचाळिसाव्या वर्षी अहवाल बाजूला ठेवून कॅमेरा हातात घेणारी बाई. मी सदतीस वर्षांचा आहे आणि मला नवा मिक्सर घ्यायचा तरी तीन महिने लागतात.

'दिठी'मध्ये कसलाच विषय नाही. शोक हा विषय म्हणावा तर तो सगळ्यांचाच. म्हणजे इतकी वर्षं त्या आजारांवर सिनेमे काढत नव्हत्या तर. आजारी माणसाकडे घरातले कसे बघतात, त्या बघण्यावर काढत होत्या. 'अस्तु'मध्ये भाषा हरवत चाललेले संस्कृतचे प्राध्यापक असतात, आणि त्यांना सहज, न घाबरता सांभाळते ती हत्तीवाल्याची बायको. हे मला ऐकून माहीत आहे असं नव्हे, मी तो सिनेमा पाहिलाय. पाहून 'अमृता सुभाषने काय काम केलंय' एवढंच म्हणालो होतो. सिनेमा समोर होता आणि मी पोस्टर वाचत बसलो.

सगळंच आवडलं असं नाही. पोथीला बसलेल्यांत दिलीप प्रभावळकर, मोहन आगाशे, गिरीश कुलकर्णी, शशांक शेंडे एकदम दिसले की क्षणभर गाव जातं आणि संमेलनाचं व्यासपीठ दिसतं. काही संवाद अर्थ समजावून सांगण्याच्या नादात लांबतात. ओवीवर विश्वास होता तर तिला एकटीला सोडायचं होतं. पण पाऊस सबंध सिनेमाभर पडतोय आणि तो कुठेही नुसता देखावा वाटत नाही. यानेच पोरगा नेला, आणि याच्याचमुळे गाय ओल्या गोठ्यात. छत्री नाही, खोळ पांघरून माणसं चिखलातून जातात. आवाज माझ्या खिडकीबाहेरचा की हेडफोनमधला, दोनदा काढून बघावं लागलं.

रविवार, ६ जुलै. एकादशी.

आज आईला दाखवला. साबुदाण्याची खिचडी झाल्यावर टीव्हीला मोबाइल जोडून दिला. आधी म्हणाली, "एकादशीला कशाला रडका सिनेमा?" मग पहिल्याच पावसाला शेंगदाण्याची वाटी खाली ठेवून बसली ती बसलीच.

गोठ्याचा प्रसंग आला तशी पुढे सरकली. अगदी हळू आवाजात सूचना सुरू झाल्या, पडद्यातल्या माणसांना. "कळ येऊ दे... आत्ता नको ओढू... कळ येऊ दे की." मी तिच्याकडेच बघत होतो. तिचा उजवा हात मांडीवर होता आणि बोटं हलत होती.

संपल्यावर ती आण्णांचं बोलली, म्हणजे तिच्या वडिलांचं. मला ते फक्त खाटेवरचे, खोकणारे आठवतात. ते गाई सोडवायचे हे मला आजवर कोणी सांगितलं नव्हतं. आई म्हणाली, "रात्री-अपरात्री कोण ना कोण दारात यायचं. आण्णा आधी दगडावर नखं घासायचे. चांगली गुळगुळीत होईस्तोवर घासायचे, गायीला आत लागू नये म्हणून. मग करडईचं तेल, पार खांद्यापर्यंत. मी कंदील धरायचे."

"तू?"

"मग कोण? भाऊ झोपलेले असायचे. एकदा वासराची मान मागं वळली होती. दोन्ही पाय बाहेर आणि तोंडाचा पत्ता नाही. आण्णांनी हात घातला आणि डोळे मिटून घेतले. मला वाटलं उजेड कमी पडतोय, मी कंदील आणखी जवळ नेला. तर म्हणाले, गप, लांब धर, बघू दे मला."

मी काही बोललो नाही. तीही थोडा वेळ गप्प होती.

"जगलं का?" मी विचारलं.

"कालवड होती. चांदी नाव ठेवलं. खरवस अख्ख्या आळीला पुरला." मग रिमोट माझ्या हातात देत म्हणाली, "गाय वासराला चाटते तिथपासून लाव परत."

परत लावला. पुन्हा पाहून झाल्यावर तिने विचारलं, "ह्या बाई अजून काढतात का सिनेमे?"

म्हटलं, "नाही. गेल्या. चार वर्षं झाली."

"अगंबाई." मग उठून ओट्याकडे गेली, आणि तिथून म्हणाली, "जुने असतील ना त्यांचे? लाव एखादा उद्या. पण बारस सोडल्यावर, सकाळी मला वेळ नाही."