एक टप्पा आऊट

सदाशिव पेठेतल्या आमच्या बोळात 'एक टप्पा आऊट' हा नियम मीच काढला, असा माझा लहानपणापासूनचा समज. काल रात्री बेसबॉलबद्दल वाचत बसलो आणि तो उतरला. अमेरिकेत १८६१ ला यादवी युद्ध पेटलं, तेव्हा तिकडेही टप्प्यावर झेललं की आऊट! १८५७ पासून क्लबांची रीतसर संघटना होती, तरीही. ग्लोव्ह नव्हते ना, उघड्या हातांनी झेलायचं. फेअर, म्हणजे हद्दीच्या रेषांच्या आत पडणाऱ्या चेंडूंपुरती ही सूट १८६४ च्या डिसेंबरात रद्द झाली. (आमच्याकडे अजून चालू आहे.)

ओटो बोटिशर या युद्धकैद्याचं १८६३ मध्ये छापलेलं चित्रही सापडलं: नॉर्थ कॅरोलिनातल्या सॉल्सबरीच्या तुरुंगात कैदी खेळतायत, भोवती बघ्यांची गर्दी. मोबाईलवर मोठं करून चेंडू शोधत होतो, तेवढ्यात आतून हाक आली, "अहो, दूध उतू गेलं!"