आमची वाटचाल: पॅनेलच्या वर्कशॉपमधले साप

अंबड एमआयडीसीत आमचं छोटं युनिट आहे. बाहेर पाटी इलेक्ट्रिकल कंट्रोल पॅनेलची, आणि आजही निम्म्याहून जास्त काम तेच. उरलेलं काम म्हणजे पाळीव सापांसाठी पेट्या, रॅक आणि थर्मोस्टॅट. वरच्या माळ्यावर आहेत साप. कॉर्न स्नेक जास्त, बॉल पायथन थोडे. पैसा खालच्या मजल्यावर मिळतो, जीव वरच्या मजल्यावर रमतो.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण नाशिकमध्ये सापाचं नाव काढलं की फोन सुरू होतात. नाग, धामण, दिवड, अजगर, मांडूळ हे आपल्या मातीतले साप घरात ठेवणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे. कुणाच्या अंगणात साप निघाला तर सर्पमित्राला किंवा वन विभागाला कळवावं, आमच्याकडे आणू नये. ‘मांडूळ मिळेल का, पैशाची चिंता नको’ असं विचारणाऱ्यांना मी उत्तरही देत नाही. आमचे बॉल पायथन पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतल्या जातीचे आहेत. ते साइट्सच्या (वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट दोनमध्ये येतात, त्यामुळे केंद्र सरकारच्या २०२० च्या स्वेच्छा-प्रकटीकरण योजनेत आम्ही ते जाहीर केले होते, आणि २०२४ च्या नियमांप्रमाणे सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदवले. पिल्लू जन्मलं, मेलं किंवा दुसऱ्याकडे गेलं, तरी त्याची नोंद करावी लागते. कागदपत्रांचा कंटाळा असलेल्यानं या छंदात पडू नये.

थर्मोस्टॅटची सुरुवात गरजेतून झाली. बाजारात मिळणारा स्वस्त थर्मोस्टॅट दोन-तीन अंशांनी वर-खाली करायचा. पॅनेलवाल्याला ते बघवत नाही. चांगला सेन्सर, तापमान एका जागी धरून ठेवणारा पीआयडी कंट्रोलर, हीट मॅट जळू नये म्हणून वीज तोडणारं वेगळं कट-आउट, असं एक यंत्र मी आणि मावसभावानं स्वतःसाठी बनवलं. मग पुण्या-मुंबईच्या पाळणाऱ्यांनी मागितलं, आणि खालच्या मजल्यावर नवीन टेबल लागलं.

नाशिकच्या हवेचा कॉर्न स्नेकला फायदाच होतो. हा अमेरिकेच्या आग्नेय भागातला साप, त्याला हिवाळ्यातला थंडावा मानवतो. डिसेंबर-जानेवारीत इथला पारा रात्री दहाच्या खाली उतरतो, तेव्हा आम्ही त्यांचं खाणं बंद करून, पोट रिकामं झालं की थंड खोलीत ठेवतो. फेब्रुवारीच्या शेवटी ऊब, खाणं, मग जोड्या. अंडी उन्हाळ्यात येतात, आणि इथे खरी अडचण असते. बाहेर चाळीस अंश आणि अंड्यांना हवे अठ्ठावीसच्या आसपास. तेव्हा उबवणीच्या पेटीचं काम ऊब देण्यापेक्षा थंड राखण्याचं जास्त. एका हॉटेलानं काढून टाकलेला वाइन कूलर आम्ही उचलला, त्यात हीटिंग केबल आणि आपला कंट्रोलर बसवला. वाइनच्या गावात राहण्याचा हाही एक उपयोग.

या स्थिर तापमानाचा मुद्दा मी इतका का ताणतो? अंडी जास्त तापली की पिल्लाच्या कण्यात गाठ किंवा वाक येऊ शकतो. तसाच वाक रक्तातूनही येतो. पेटीचं तापमान डुलत असेल, तर दोष उन्हाचा की आईबापाचा हे कळायला मार्गच नाही. पेटी पक्की असली की संशय थेट जोडीवर जातो, आणि ती जोडी पुन्हा लावायची नाही हे ठरवता येतं.

बाजार मात्र रंगांवर चालतो. बॉल पायथनमध्ये दरवर्षी नव्या मॉर्फचं, म्हणजे रंग-नक्षीच्या नव्या प्रकाराचं, नाव येतं, आणि पहिली काही वर्षं त्याला वाट्टेल तो भाव मिळतो. स्पायडर मॉर्फचंच बघा. १९९९ मध्ये तो पहिल्यांदा पैदास करून सिद्ध झाला, जगभर गाजला. कोळ्याच्या जाळ्यासारखी नक्षी, देखणाच. पण या जनुकाबरोबर डोकं डुलणं, झडप चुकणं, कधी उताणं पडणं येतं. २०२२ मध्ये जर्मन संशोधकांनी या सापांचे सीटी स्कॅन केले, तेव्हा आतल्या कानातल्या तोल सांभाळणाऱ्या नळ्याच बिघडलेल्या दिसल्या. म्हणजे नक्षी आणि दोष वेगळे करता येत नाहीत, एकच जनुक दोन्ही देतं. आमच्याकडे स्पायडर नाही, मागणी आली तरी आणणार नाही. ‘थोडंसंच डुलतं, बाकी मस्त खातं’ हे विक्रेत्याचं बोलणं मला पटत नाही. खातं म्हणून त्याचा तोल परत येतो का?

कॉर्न स्नेकमध्ये दोष लपून बसतो, म्हणून जास्त डोकं लागतं. स्टारगेझर नावाचा दोष आहे: पिल्लू मान वर करून उलटं वळतं, सरळ चालत नाही. सनकिस्ड नावाच्या रंगाच्या वंशात तो सापडला. हे जनुक प्रच्छन्न आहे, म्हणजे दोन प्रती आल्या तरच दोष दिसतो; एकच प्रत असलेला साप, म्हणजे वाहक, अगदी निरोगी दिसतो. शंका असलेला नर माहीत असलेल्या वाहक मादीशी लावला, तर तोही वाहक असल्यास प्रत्येक अंड्याला दोषाची शक्यता चारात एक. सोळा पिल्लं निरोगी निघाली, तर नर वाहक असण्याची शंका जवळपास संपते; वाहक असूनही असं घडण्याची शक्यता शंभरात एक. पण या एका खात्रीसाठी अख्खा हंगाम आणि सगळी पिल्लं जातात, ती पैदाशीसाठी कुणाला द्यायची नाहीत. दरवर्षी नवा रंग विकणाऱ्याला हे परवडत नाही. आम्हाला परवडतं, कारण महिन्याचा खर्च पॅनेलवर निघतो.

आमचं मुख्य काम ओकीटी कॉर्न स्नेकचं. दक्षिण कॅरोलायनातल्या एका शिकारी क्लबच्या जागेवरून हे नाव आलं. नारिंगी अंग, गडद लाल ठिपके आणि त्यांना जाड, काळी, स्वच्छ किनार. यात कुठलंही खास जनुक नाही. पिढ्यान्‌पिढ्या चांगले निवडत गेलं की किनार जाड होत जाते. सोळात एकाचं गणित मांडून लॉटरीसारखा ‘स्नो’ (दोन प्रच्छन्न जनुकांचा पांढरट मॉर्फ) काढण्यापेक्षा हे हळू काम आहे. त्यात कुणी थक्क होत नाही, आणि फोटोत ते साधंच दिसतं.

मी काही पिल्लं नुसती पाळीव म्हणून देतो, पैदाशीसाठी ठेवत नाही, हे घरी अण्णांना आधी पटत नव्हतं. एकदा मीच त्यांना दिंडोरीच्या मळ्यातली द्राक्षघडांची विरळणी आठवून दिली: काही काढले की उरलेले चांगले भरतात. ते हसून म्हणाले, “मग तुझे सापही एक्स्पोर्टचा माल म्हण की.” त्यानंतर विचारलं नाही.

निवड कशी करतो? किनार आणि रंग शेवटी येतात. आधी पिल्लानं स्वतःहून खायला हवं, पहिली कात सहज सुटायला हवी, कणा बोटानं चाचपून सरळ लागायला हवा. हातात घेतलं की सारखं चावायला धावणारं पिल्लू पुढच्या पिढीत जात नाही, रंग कितीही भारी असो. पाच-सहा वेळा नीट खाल्ल्याशिवाय कुठलंही पिल्लू बाहेर जात नाही. बरोबर आईबापाची नोंद, खाण्याच्या तारखा आणि उबवणीचं तापमान यांचा कागद असतो. ‘पॉसिबल हेट’, म्हणजे वाहक असण्याची नुसती शक्यता, असेल तर टक्केच लिहितो. दोन वाहकांच्या जोडीतलं साधं दिसणारं पिल्लू वाहक असण्याची शक्यता तीनात दोन असते. ६६ टक्क्यांना ‘खात्रीचा हेट’ म्हणून विकणं चालतं बाजारात, आमच्या वहीत नाही.

“काहीतरी नवीन दाखवा ना, इन्स्टावर अजून कुणाकडे नसलेलं,” एक मुलगा परवा म्हणाला. त्याला ओकीटीची जोडी दाखवली, तो पाच मिनिटांत निघाला. दुसऱ्या दिवशी मात्र रॅकची ऑर्डर त्यानंच दिली, सहा कप्प्यांची, थर्मोस्टॅटसह. गिऱ्हाईक गेलं नाही, फक्त वरच्या मजल्यावरून खाली आलं.

येत्या हंगामात दोन नव्या ओकीटी जोड्या लागतील, आणि स्टारगेझरच्या शंकेतला एक नर तपासणीला बसेल. जुलैत अंडी फुटतील. त्या नराचा निकाल लागेपर्यंत त्याच्या वंशातल्या पिल्लांची एकही बुकिंग घेत नाही.