धूर दिसेनासा झाल्यानंतर

इंदूरला देवास नाक्याजवळ आमचे डिझेल इंजिनांचे पंप आणि नोझल (इंजिनात डिझेल फवारणारी टोके) तपासण्याचे दुकान वडिलांच्या काळापासून आहे. हाताने दांडा मारायचा जुना टेस्टर अजूनही तिथे कामात आहे. दांडा दाबत गेले की दाबाचा काटा चढतो आणि दोनशे बारच्या आसपास नोझल उघडते. ते चांगले असेल तर कुर्र असा आवाज करत धुक्यासारखा बारीक फवारा सोडते. बिघडलेले असेल तर फवाऱ्याची धार होते आणि टोकाशी एक थेंब लोंबत राहतो. (फवाऱ्यासमोर बोट कधीही धरू नये, त्या दाबाचे डिझेल कातडीतून आत शिरते.) वडील त्या थेंबाकडे दाखवून म्हणत, की गाडीच्या मागे दिसणारा काळा धूर इथून सुरू होतो. धूर म्हणजे न जळलेले डिझेल आणि न जळलेले डिझेल म्हणजे मालकाचे पैसे, हा हिशेब मी त्यांच्याकडून शिकलो.

तो हिशेब आजही खरा आहे, पण तो आता डोळ्यांना दिसत नाही, आणि हे लिहायला बसण्याचे कारण तेच आहे.

गेल्या पावसाळ्यानंतर माझा भाचा त्याचा बीएस-६ (भारत स्टेज ६ या प्रदूषण मानकाचा) ट्रक घेऊन आला. इंदूर–मुंबई फेरीत लिटरला ४.२ किलोमीटर मिळणारे अ‍ॅव्हरेज ३.६ वर आले होते. "मामा, धूर तर अजिबात नाही, पण पिकअप कमी झालाय, नोझल एकदा बघून घ्या," असे तो म्हणाला. नोझल काढण्याआधी मी चालकाला एकच प्रश्न विचारला, की डीपीएफची, म्हणजे धुरातली काजळी अडवणाऱ्या फिल्टरची, सफाई किती किलोमीटरवर लागते. पूर्वी सहाशेच्या आसपास लागायची, आता दीडशे-दोनशेवरच दिवा लागतो, असे त्याने सांगितले. नोझलला हात न लावताच मी टर्बोपासून (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) इंटरकूलरपर्यंत (ती हवा थंड करणारी जाळी) जाणारी नळी तपासायला घेतली. क्लिपच्या खाली, बोटाने चाचपल्याशिवाय कळणार नाही अशी, दोन इंचांची चीर होती आणि तिच्या भोवती तेलकट काळा डाग पसरला होता.

डिझेल जाळायला हवा किती लागते याचा अंदाज बहुतेक मालकांना नसतो. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला सुमारे बारा किलो, म्हणजे दहा हजार लिटर हवा लागते, आणि डिझेल इंजिनाला प्रत्यक्षात त्याहूनही बरीच जास्त हवा द्यावी लागते, कारण फवाऱ्यातल्या प्रत्येक कणापर्यंत ती वेळेत पोहोचायला हवी. खलघाटाहून मानपूरचा चढ भरलेल्या गाडीने चढताना टर्बोने दाबलेली हवा त्या चिरेतून निसटत होती आणि ज्वालेच्या पोटात काजळी तयार होत होती. बीएस-४ गाडी असती तर मागच्या मोटारसायकलवाल्याने नाक दाबले असते आणि चालकाला लगेच कळले असते. इथे काजळी डीपीएफने अडवली. तो भरला की संगणक जादा डिझेल खर्च करून फिल्टर सुमारे सहाशे अंशांपर्यंत तापवतो आणि साठलेली काजळी जाळतो. अ‍ॅव्हरेज दोन्हीकडून कमी होत होते: एकदा अर्धवट ज्वलनात आणि दुसऱ्यांदा त्यातून साठलेली काजळी जाळण्यात. म्हणून बीएस-६ गाडीत धूर शोधायचा असेल तर तो दोन सफायांमधल्या अंतरात शोधावा, असे मी आता प्रत्येकाला सांगतो.

त्याच फेरीत भाच्याला कोणीतरी दुसराही उपाय सुचवला होता: डीपीएफ पोकळ करून टाका, युरिया बंद करणारी चिप बसवा, खर्च वाचेल. मला या सल्ल्याचा मनापासून राग येतो. गाडीच्या मूळ रचनेत असा फेरफार कायद्यात बसत नाहीच, पण युरियाविषयीची समजूतही मुळात चुकीची आहे. डिझेलचे ज्वलन जितके गरम आणि वेळेवर होईल तितके काम जास्त मिळते, मात्र त्याच उष्णतेत हवेतला नायट्रोजन आणि ऑक्सिजन एकत्र येऊन नायट्रोजनची ऑक्साइडे बनतात. ज्वाला थंड ठेवली तर ती कमी होतात, पण काजळी वाढते आणि अ‍ॅव्हरेज घसरते. ही ओढाताण इंजिनाच्या आत पूर्ण सुटत नाही, म्हणून ती सायलेन्सरच्या वाटेवर सोडवली गेली. ३२.५ टक्के युरियाचे पाणी गरम धुरात फवारले की त्यातून अमोनिया बनतो आणि उत्प्रेरकावर त्या ऑक्साइडांचे साधा नायट्रोजन आणि वाफ यांत रूपांतर होते. ही सोय मागे असल्यामुळेच इंजिन पुढे मोकळेपणाने, चांगल्या अ‍ॅव्हरेजसाठी जुळवता येते. शंभर लिटर डिझेलमागे जाणारा चार-पाच लिटर युरिया हा त्या अ‍ॅव्हरेजचाच भाग मानायला हवा. अवजड वाहनांसाठी प्रति किलोवॉट-तास ३.५ ग्रॅम असलेली ऑक्साइडांची मर्यादा एप्रिल २०२० पासून ०.४ वर आली ती याच व्यवस्थेच्या बळावर, आणि चिप बसवली की ही सगळी कमाई एका दुपारात पुसली जाते, तीही डोळ्यांना काही न दिसता.

बाकीच्या गोष्टी जुन्याच आहेत. टायरमधली हवा, वेळेवर बदललेला एअर फिल्टर, आणि माल उतरेपर्यंत रांगेत तासन्‌तास चालू ठेवलेले इंजिन, जे उभ्या उभ्या तासाला दोन-तीन लिटर पिते. यात सांगण्यासारखे नवे काही नाही.

नळी बदलली, क्लिप नवी टाकली, नोझल तशीच ठेवली. भाच्याच्या गाडीत आता डिझेलच्या वहीत एक रकाना वाढला आहे, ज्यात चालक प्रत्येक सफाईच्या वेळचे किलोमीटर लिहितो. मागच्या चार नोंदी मी पाहिल्या: ५८०, ६१०, ५९५, ६०५.